टेक्सासचं पिस्तूल परमिट न्यू जर्सीत चालतं का? दाजी आई-पप्पांना घेऊन कारने निघालेत

जुळे_सोलापूरवाला
नमस्कार मंडळी. प्रश्न जरा वेगळाय, पण इथं अमेरिकेतली आपली बरीच माणसं आहेत म्हणून टाकतोय. आमचे दाजी डॅलसला असतात, ग्रीन कार्ड आहे, पिस्तूल आहे आणि टेक्सासचं रीतसर परमिट पण आहे, म्हणजे शर्टाखाली कंबरेला लावून फिरायचं ते. आई-पप्पा सध्या तिकडंच आहेत आणि पुढच्या महिन्यात सगळे कारने न्यू जर्सीला निघालेत, एडिसनला दाजींच्या भावाकडं आठवडाभर मुक्काम, मग न्यूयॉर्क बघून परत. दाजी म्हणतात रात्रीचा हायवे आहे, बायकापोरं बरोबर आहेत, पिस्तूल घेणारच. ताई नको म्हणतीय, पप्पा मधल्यामधे, रोज रात्री फोन मला.

दाजींचं म्हणणं टेक्सासचं परमिट सगळीकडं मानतात, आणि जिथं मानत नाहीत तिथं यूटा राज्याचं परमिट चालतं, जे बाहेरच्या राज्यातल्या माणसाला पण देतात, यूटाला जायची पण गरज नाही, क्लास डॅलसमधेच होतो. माझा मावसभाऊ पण एच-१बी वर तिथंच आहे, तो म्हणतो मी पण क्लासला बसतो दाजींबरोबर. आता एमएच-१३ चं ड्रायव्हिंग लायसन घेऊन आपण विजापूरला जातो तेव्हा कोण अडवतं का, तसंच असणार ना हे?

ओहायोतला_पंढरपूरकर
नाही भाऊ, तसं अजिबात नाही. आणि आधी मावसभावाला फोन लाव, दाजींचं नंतर बघू. एच-१बी हा नॉन-इमिग्रंट व्हिसा आहे आणि असल्या व्हिसावरच्या माणसाला बंदूक किंवा गोळ्या जवळ बाळगायला केंद्राच्या कायद्यानेच मनाई आहे, परमिट तर लांबची गोष्ट. त्याला अपवाद आहेत, नेहमी सांगितला जातो तो म्हणजे कुठल्यातरी राज्याचं चालू शिकारीचं लायसन, पण कोणीतरी सांगितलं म्हणून शिकारीचं लायसन काढून पिस्तूल घ्यायचं असला उद्योग वकिलाला विचारल्याशिवाय करू नको म्हणावं. केस झाली की नोकरी, व्हिसा, ग्रीन कार्डची लाईन सगळंच जातं. ग्रीन कार्डवाल्याला ही मनाई नाही, त्यामुळे दाजी तेवढ्यापुरते ठीक.

आता दाजी. लपवून पिस्तूल बाळगायचं परमिट हा राज्याचा विषय आहे. एका राज्याने दुसऱ्याचं मानलंच पाहिजे असा केंद्राचा कायदा नाही. तसं विधेयक डिसेंबर २०१७ मधे खालच्या सभागृहात पास झालं होतं पण सिनेटमधे काही झालं नाही. त्यामुळे ज्याचा त्याचा हिशोब. टेनेसीसारखी राज्यं बाहेरचं कुठलंही परमिट मानतात, काही राज्यं करार बघून मानतात, आणि न्यू जर्सी, न्यूयॉर्क, मेरीलँड, कॅलिफोर्निया ही कोणाचंच मानत नाहीत. टेक्सासचं नाही आणि यूटाचं पण नाही. म्हणजे दाजींना जिथं जायचंय तिथंच यूटाच्या कार्डाचा उपयोग शून्य.

यूटाचं परमिट खोटं नाही हं. क्लास यूटाबाहेर होतो हे खरं, इन्स्ट्रक्टर यूटाने मान्य केलेला लागतो, बोटांचे ठसे द्यायचे, परमिट पाच वर्षांचं. पण २०११ पासून नियम असा की तुमचं राज्य यूटाचं परमिट मानत असेल तर आधी घरच्या राज्याचं परमिट दाखवा. आणि कोलोराडो, मिशिगनसारखी राज्यं म्हणतात की परमिट देणाऱ्या राज्यात तुम्ही स्वतः राहत असाल तरच मानू, म्हणजे टेक्सासच्या माणसाच्या हातातलं यूटाचं कार्ड तिथं कागदच. क्लासवाले नकाशा दाखवतात त्यात हे बारीक अक्षरात असतं.

जुळे_सोलापूरवाला
बापरे. मावसभावाला सांगितलं, तो गप्पच झाला. दाजी म्हणतात आता अर्ध्याहून जास्त राज्यांत परमिटच लागत नाही, मग एवढं काय?

ओहायोतला_पंढरपूरकर
बरोबर आहे त्यांचं, २०२४ अखेर अशी २९ राज्यं होती, टेक्सासमधे सप्टेंबर २०२१ पासून आहे. पण त्या २९ मधे न्यू जर्सी नाही ना. डॅलसहून लोक बहुतेक आय-४० हायवेने टेनेसी आणि मग आय-८१ हायवे धरून वर जातात. व्हर्जिनिया संपलं की थोडं वेस्ट व्हर्जिनिया, मग मेरीलँड, मग पेनसिल्व्हेनिया. मेरीलँडचा तो पट्टा हॅगर्सटाउनजवळ जेमतेम बारा मैलांचा आहे, गाण्याची दोन कडवी संपेपर्यंत पार होतो, पण त्या बारा मैलांत कंबरेला भरलेलं पिस्तूल असणं गुन्हा आहे. पाटी दिसायच्या आधी थांबून सोय करावी लागते.

सोय म्हणजे काय, तर १९८६ चा केंद्राचा कायदा आहे, नुसतं पार होऊन जाणाऱ्यासाठी. पिस्तूल रिकामं, गोळ्या वेगळ्या, दोन्ही डिकीत, गाडीत बसल्या जागेवरून हात पोचला नाही पाहिजे. गाडीला वेगळी डिकी नसेल, म्हणजे एसयूव्ही वगैरे, तर कुलूपबंद पेटीत, आणि ग्लोव्ह बॉक्सला किंवा मधल्या कप्प्याला कुलूप असलं तरी ते चालत नाही. पण मुख्य अट लोक वाचतच नाहीत: जिथून निघालात आणि जिथं पोचायचंय, दोन्हीकडं पिस्तूल बाळगणं तुम्हाला कायदेशीर पाहिजे. दाजींचं पोचायचं ठिकाणच एडिसन. म्हणजे मेरीलँड ओलांडायला हा कायदा आधार म्हणून दाखवायचा, तर तो एडिसनलाच अडतो.

२००५ ची केस वाचायला सांगा त्यांना. यूटाचा माणूस, विमानाने पेनसिल्व्हेनियाला निघालेला, न्यू जर्सीतल्या नेवार्कला पुढची फ्लाईट चुकली, एअरलाईनने बॅग हातात दिली, रात्री हॉटेलात राहिला, सकाळी काउंटरवर स्वतःहून सांगितलं की बॅगेत पिस्तूल आहे, तिथंच अटक. खटले नंतर मागे घेतले पण त्याने उलटा दावा लावला तो २०१० मधे अपील कोर्टात हरला, का तर रात्रभर बॅग त्याच्या हाताशी होती. आणि २०१३ मधे फिलाडेल्फियाची एक बाई, पेनसिल्व्हेनियाचं परमिट, न्यू जर्सीत गाडी थांबवली तेव्हा तिनेच पोलिसाला सांगितलं. साडेतीन वर्षं सक्तीच्या शिक्षेची टांगती तलवार होती, शेवटी २०१५ मधे गव्हर्नरने माफी दिली. दोघंही लपवत नव्हते हे लक्षात घ्या.

भीमाकाठचा_बारा_बोअर
वाचून हसू आलं, आमची पण तीच गत हाय की. मी अक्कलकोट तालुक्यातला, पीक राखायला बारा बोअर हाय, रानडुकरं लै. लायसन कलेक्टर हापिसचं (शहरात ऱ्हाणाऱ्यांना पोलीस आयुक्तालय), आन त्यावर क्षेत्र म्हणून एक रकाना असतोय, माझ्यात महाराष्ट्र राज्य लिवलंय. पाव्हणे सगळे कर्नाटकात, आळंद, अफजलपूर साईडला. पोराच्या लग्नात मेव्हणा म्हनला बंदूक आना की वरातीला, म्हनलं गप बस, हद्दीपल्याड ती बंदूक बिनलायसनचीच. आन हद्दीच्या अल्याड तरी काय, शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनं हौसेनं बार काढला तर दोन वर्षांपर्यंत आत नायतर लाखापर्यंत दंड नायतर दोन्ही. क्षेत्र वाढवून मिळतंय पण अर्ज करा, कारण दावा, तिकडं शेत हाय का धंदा हाय ते, मग वरची परवानगी.

एक फरक मातर हाय. आपल्याकडं हत्यार झाकूनच न्यायचं असा नियमच हाय, पिस्तूल होल्स्टरमदी आन बंदूक कव्हरमदी. झाकून न्यायाला वेगळं परमिट हे आमच्या डोक्यातच बसंना. आन गावाला जायचं म्हनलं तर आपण डीलरकडं जमा करतो, पावती घेतो, निवांत. इलेक्शनला ठाण्यात देतो तसं. दाजींला तिकडं असं काय जमतंय का?

ओहायोतला_पंढरपूरकर
काका, काही गन शॉप ठेवून घेतात पण वाटेत मधेच कुठं शोधणार. पेनसिल्व्हेनियात मित्राकडं ठेवून पुढं जाऊ असं पण काही जण म्हणतात, तर दुसऱ्या राज्यातल्या माणसाच्या हातात पिस्तूल देणं हा परत केंद्राच्या कायद्यातला वेगळा घोळ आहे. डॅलसला तिजोरीत ठेवून निघणं सगळ्यात स्वस्त.

एडिसनची_वहिनी
मी एडिसनलाच राहते म्हणून लिहिते. भाऊ, पिस्तूल राहू दे बाजूला, इथं गोळ्यांचं पण आहे. पुढून पोकळ असलेल्या गोळ्या घराबाहेर नेण्यावर न्यू जर्सीत बंधनं आहेत, आणि टेक्सासमधे स्वसंरक्षणाला लोक नेमक्या त्याच भरतात. दहापेक्षा जास्त गोळ्यांचं मॅगझिन पण बंद. न्यूयॉर्क शहराचा तर वेगळाच थाट, तिथं त्याच राज्याचं परमिट असलं तरी शहराची वेगळी मंजुरी लागते. २०२२ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर ह्या राज्यांना "खास कारण दाखवा" म्हणून परमिट नाकारता येत नाही, त्यामुळे बाहेरचा माणूसही न्यू जर्सीकडं अर्ज करू शकतो, पण ते इथलं परमिट, इथलं ट्रेनिंग, इथले ठसे. पुढच्या महिन्याच्या ट्रिपला त्याचा काय उपयोग?

आणि शाळेपासून हजार फुटांच्या आत बंदूक न्यायची नाही हा केंद्राचा नियम दाजींना माहीत आहे का? त्यातली सूट त्याच राज्याने दिलेल्या परमिटला आहे. म्हणजे परमिट न लागणाऱ्या राज्यात सुद्धा गावातून गाडी नेताना शाळा लागली आणि पिस्तूल भरलेलं असलं तर प्रश्न येऊ शकतो. बाहेरच्यांसाठीच्या परमिटचा खरा उपयोग मला तरी इथंच दिसतो, नेहमी एकाच दुसऱ्या राज्यात जाणं असेल तर तिथलंच काढून ठेवायचं.

जुळे_सोलापूरवाला
सगळ्यांचे आभार, वहिनी तुमचे जास्तच. अख्खा धागा ताईला पाठवला, तिने मोठ्याने वाचून दाखवला म्हणे. दाजी अजून म्हणतात की डिकीत कुलूप लावून नेतो आणि भावाच्या घरातून बाहेर काढत नाही.

ओहायोतला_पंढरपूरकर
भावाच्या घरी नेणं हेच तर अडचणीचं आहे, ते त्याचं घर आहे, ह्यांचं नाही. न्यू जर्सीच्या वकिलाशी अर्धा तास बोलायला सांग, आणि तोपर्यंत रात्रीचा हायवे टाळायचा असेल तर टेनेसीतल्या नॉक्सव्हिलला मुक्काम करा म्हणावं, पप्पांची कंबर पण वाचेल.