सातारा–कराड रोजचं येणं-जाणं: गाडी न सोडता पेट्रोल कसं वाचवायचं?

शाहूपुरीकर
नोकरी कराडला. १२०० सीसीची पेट्रोल गाडी, २०१९ ची. जाऊन-येऊन शंभरेक किलोमीटर, महिन्याला अडीच हजाराच्या घरात. ॲव्हरेज १५. लिटरला १०५ रुपये धरले तर साडेसतरा हजार नुसते पेट्रोलला जातात. ड्युटी आडवेळी सुटते म्हणून एसटीचा पास सुचवू नका. रेल्वेही नको, इकडं स्टेशन माहुलीला, तिकडं ओगलेवाडीला, दोन्हीकडं रिक्षा आलीच. गाडी राहणारच. खर्च कुठं कमी होईल?

तासवड्याचा_पावणा
हायवेला कितीनं पळवता, तेवढं आधी सांगा.

शाहूपुरीकर
रस्ता मोकळा असला तर १०५–११०.

तासवड्याचा_पावणा
मग पैसा तिथंच गळतोय की वो! वाऱ्याचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या हिशेबानं वाढतो. ८० वरनं ११० वर गेलात की तो जवळपास दुप्पट. आणि मिळवताय काय? पन्नास किलोमीटरला कागदावर दहा मिनिटं. शेंद्रेच्या पुढं सहापदरीकरणाची वळणं, मग कराडात कोल्हापूर नाका. मघाशी मागं टाकलेला ट्रक तिथं तुमच्या शेजारीच येऊन उभा राहतो. पाचव्या गिअरला ८०–८५ नं निवांत जावा. १५ चं १८ झालं तर महिन्याला अठ्ठावीसेक लिटर वाचतं, म्हणजे तीन हजाराला थोडे कमी. रुपया खर्च न करता.

यवतेश्वर_घाट
मी कासवरून उतरताना गाडी न्यूट्रल करतो. इंजिनवर लोडच नाही, फुकटात खाली.

जुना_डिझेलवाला
दादा, हे कार्ब्युरेटरच्या जमान्यातलं. इंजेक्शनच्या गाडीत गिअर तसाच ठेवून ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की पेट्रोलचा पुरवठाच बंद होतो, इंजिन चाकांच्या जोरावर फिरतं. न्यूट्रलला मात्र आयडलिंगपुरतं पेट्रोल जळतच राहतं. म्हणजे तुम्ही वाचवत नाही, जाळता. वर इंजिनचा ब्रेक गेला, सगळा भार ब्रेक पॅडवर. त्या वळणांवर हा खेळ नकोच.

शाहूपुरीकर, तुम्ही टायरची हवा सकाळी, निघायच्या आधी तपासा. कराडला पोहोचून पंपावर बघितली तर गरम टायर जास्तीचा आकडा दाखवतो आणि आपण खूश होतो. किती भरायची ते ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर असतं, पंपावरच्या पोराच्या अंदाजावर सोडू नका. स्टेअरिंग एका बाजूला ओढत असेल तर अलाइनमेंट. एअर फिल्टर वेळेवर, सध्या कामाची धूळ आहेच. आणि ॲव्हरेज डॅशबोर्डवरचं धरू नका. टाकी फुल, किलोमीटर लिहा, पुन्हा त्याच पंपावर फुल, भागाकार.

कोरेगावची_ताई
इथेनॉलचं कुणी बोललंच नाही. आता पेट्रोल २० टक्के इथेनॉलचं. इथेनॉलमध्ये ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांशानं कमी, त्यामुळे थोडं ॲव्हरेज पडणारच, त्यात तुमची गाडी २०१९ ची, म्हणजे या पेट्रोलच्या आधीची. तेवढ्यासाठी गॅरेजच्या चकरा मारू नका. आणि पेट्रोलच्या पाइपला लावायची चुंबकं, टाकीत टाकायच्या गोळ्या, यावर एक रुपयाही घालवू नका.

एक विचारू का? एमआयडीसीत वगैरे त्याच वेळेला जाणारं ऑफिसातलं कुणी नाही का? दोघं झालात तर खर्च थेट निम्मा, हवा-फिल्टरनं एवढं कधीच वाचणार नाही. फक्त ओळखीतल्यांनी पेट्रोल वाटून घ्या. पांढऱ्या पाटीच्या गाडीत भाडं घेऊन माणसं बसवली आणि काही झालं तर विम्याची पंचाईत होते.

शाहूपुरीकर
एक सहकारी वाढे फाट्याजवळ राहतो, पण शिफ्ट आठवड्याला बदलते. निम्मे दिवस जमेल. सीएनजीचं काय?

जुना_डिझेलवाला
तुमच्या रनिंगला सीएनजी परवडतोच. किलोला २० धरले तर सव्वाशे किलो. ९० च्या भावानं सव्वाअकरा हजार, म्हणजे सहा हजाराच्या आसपास फरक. किट साठ-सत्तर हजाराचं, वर्षभरात वसूल. पण डिकी जाते, चढाला गाडी थोडी दमते, रांगेत वेळ जातो. मान्यताप्राप्त किटच बसवा, आरटीओत आरसीवर नोंद करा, विमा कंपनीला कळवा, टाकीची ठरावीक मुदतीची तपासणी चुकवू नका. नोंद न करता बसवून देतो म्हणणारा भेटेल, त्याला लांबूनच रामराम.

तासवड्याचा_पावणा
माझं ऐका, आधी महिनाभर ८० नं चालवून बघा. वेग तोच ठेवून सीएनजी बसवला तर गॅसही तसाच जाणार.

शाहूपुरीकर
पटलं. उद्या सकाळी हवा, मग टाकी फुल. किटचा निर्णय पुढच्या महिन्यात. वाढे फाट्याच्या पंपावर सकाळी सातला सीएनजीची रांग किती असते, कुणी सांगेल का?

कोरेगावची_ताई
रांग राहू द्या, कुठल्याही पंपावर आधी प्रेशर आहे का ते विचारा. कमी असलं की टाकी अर्धीच भरते आणि संध्याकाळी पुन्हा रांगेत.