पायइन्स्टॉलर: एक्झीमध्ये डेटाबेस टाकला पण पावत्या टिकत नाहीत, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, यवतमाळ जिल्ह्यातून लिहून राहिलो. आमच्या शेतकरी गटाच्या कापूस खरेदीसाठी पायथनमध्ये काटा पावतीचं सॉफ्टवेअर बनवलं, भरल्या गाडीचं वजन, खाली गाडीचं वजन, ओलावा, भाव टाकला का पावती निघते. सोबत मराठी फॉन्टचं फोल्डर, पावतीचा नमुना अन् एसक्यूलाइटची डेटाबेस फाईल लागते.

काट्यावरच्या कम्प्युटरात पायथन नाही म्हणून पायइन्स्टॉलरनं (पायथन प्रोग्रामची एक्झी बनवणारं साधन) वनफाईल एक्झी केली, म्हणजे सगळं एकाच फाईलीत. फोल्डरवाला पर्याय आहे, पण तिथले पोट्टे पेनड्राइव्हमधून नुसती एक्झी उचलून डेस्कटॉपवर टाकतात, बाकीचं तिथंच राहते, मग फोन येतो का भाऊ उघडूनच नाही राहिलं. एकच फाईल पाहिजे.

स्पेक फाईलच्या (एक्झी कशी बनवायची ते लिहिलेली फाईल) डेटाजमध्ये, म्हणजे सोबतच्या फाईलींच्या यादीत, तिन्ही टाकले अन् कोडमध्ये मेईपासपासून (आतल्या फाईलींचा पत्ता देणारं नाव) पाथ धरला. फॉन्ट आले, नमुना आला, जोडाक्षरं बरोबर. पण प्रोग्राम बंद करून उघडला का आधीच्या पावत्या नाहीत! शेतकऱ्याच्या मालाचं वजन आहे ते, त्याच्यावरच त्याचा चुकारा निघते. काहून होते असं? अन् लाईट गेली का टेम्पमध्ये (विंडोजचं तात्पुरत्या फाईलींचं फोल्डर) एमईआय नावाचे फोल्डर साचून राहिले, पुसले तर चालते का?

प्रतिसाद:
भाऊ, ते फोल्डर सध्या अजिबात पुसू नका! वनफाईल एक्झी दरवेळी आतलं सगळं टेम्पमधल्या नव्या फोल्डरात उघडते, मेईपास म्हणजे तेच, अन् नीट बंद केली का ते पुसून टाकते, म्हणून पावत्या जातात. लाईट गेली तेव्हा पुसायला वेळ मिळाला नाही, म्हणजे त्या दिवसाच्या पावत्या तिथल्या डेटाबेसमध्ये असतील. आधी एकेक फोल्डर उघडून डेटाबेस बाजूला कॉपी करा, मग प्रोग्राम बंद असताना बाकीचं पुसा.

फॉन्ट अन् नमुना आहे तसेच आत राहू द्या, ते फक्त वाचायचे आहेत. डेटाबेसची कोरी प्रत आत ठेवा, चालू होताना लोकल ॲपडेटात (विंडोजमधली प्रोग्रामचा डेटा ठेवायची जागा) तुमच्या फोल्डरात डेटाबेस आहे का ते पहा, नसला तरच कोरी प्रत तिथं टाका. एक्झीच्या शेजारी ठेवू नका, पोट्टे एक्झी हलवतील अन् डेटाबेस मागं राहील. अन् बिल्ड करताना पायथनची फाईल देऊ नका, स्पेक नव्यानं लिहिल्या जाते अन् तुमची यादी उडते, स्पेक फाईलच द्या.

धागाकर्ता:
दोन फोल्डरात डेटाबेस सापडले भाऊ, पावत्या आहेत! दोन्ही एकत्र करून राहिलो, ॲपडेटावालं आज रात्रीच बदलतो.