टेपवरचा बॅकअप: चालू ठेवायचा की गुंडाळायचा?

विश्रामबागकर:
सांगलीतल्या एका स्कॅन सेंटरची सिस्टिम सांभाळतो. सीटी-एमआरआयचा साधारण ४ टीबी डेटा आहे. दर शनिवारी रात्री एलटीओ-६ च्या (एलटीओ म्हणजे बॅकअपच्या चुंबकीय टेपचा प्रकार, ६ ही त्याची पिढी) दोन टेप भरतो (एकीत कॉम्प्रेशन न धरता २.५ टीबी मावतो) आणि रविवारी स्टीलच्या डब्यातून घरी नेतो. आमचे नवे भागीदार डॉक्टर म्हणतात, "हे कॅसेटचं खूळ बंद करा, सगळं क्लाउडवर टाका."
२०१९ ला आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली. धोक्याची पातळी ४५. आमचा तळमजल्यावरचा सर्व्हर बुडाला आणि त्याच खोलीतल्या, खास बॅकअपसाठी घेतलेल्या दोन हार्ड डिस्कही बुडाल्या. राहिल्या त्या विश्रामबागेतल्या घरच्या टेप. डॉक्टर तेव्हा सांगलीत नव्हते. माझं चुकतंय का?

खणभागचा नेटवाला:
चुकतंय. वाचवलं ते विश्रामबागेच्या उंचीनं, टेपनं नाही. तुमच्या कपाटात हार्ड डिस्क असती तर तीही वाचली असती.
टेप ३० वर्षं टिकते म्हणतात. टिकू दे की! वाचणार कशावर? एलटीओ-८ चा ड्राइव्ह ८ आणि ७ च्या टेप घेतो, ६ ची घेत नाही. तुमचा जुना ड्राइव्ह गेला की डबाभर टेप पेपरवेट म्हणून वापरा. आणि नव्या ड्राइव्हच्या पैशात बरी सेकंडहँड गाडी येते.

मिरज जंक्शन:
गाडीचं राहू द्या, हिशोब करू. १०० एमबीपीएसच्या इंटरनेट लाइनवरून ४ टीबी खाली उतरवायला पावणेचार दिवस, तेसुद्धा लाइन अखंड आणि पूर्ण वेगानं मिळाली तर. एलटीओ-६ सेकंदाला १६० एमबी वाचतो, म्हणजे सात तास. पुराच्या आठवड्यात अर्ध्या गावात वीज नव्हती, लाइन कुठली घेऊन बसलात?
आणि रॅन्समवेअर, म्हणजे खंडणी मागणारा व्हायरस, आलं की सर्व्हरला जोडलेलं जे दिसेल ते कुलूपबंद करतं. कपाटातल्या टेपला वायर नाही, म्हणून व्हायरस नाही. २०११ च्या फेब्रुवारीत एका सॉफ्टवेअरच्या दोषानं काही जीमेल खाती रिकामी झाली. डेटाच्या अनेक प्रती होत्या, पण दोष त्या प्रतींमध्येही गेला. गूगलनं मेल परत आणल्या त्या टेपवरून.

खणभागचा नेटवाला:
गूगलकडे टेप सांभाळायला फौज आहे. यांच्याकडे एक माणूस, तोही लग्नसराईत रजेवर.

हळदवाला:
नेटवाल्यांचा हा मुद्दा सोडू नका. मी टेपच्या बाजूचा, पण आधी माझी फजिती ऐका.
पूर्वीच्या नोकरीत मी टारनं (फाइलींचा एक गठ्ठा बांधणारा प्रोग्रॅम) डिस्कचे तीन भाग एकामागोमाग टेपवर टाकायचो: रूट (मूळ सिस्टिम), होम (लोकांच्या फाइली), शेवटी डेटा. स्क्रिप्टमध्ये टेपचं नाव लिहिलं एसटी-झीरो. ती आपल्या एसटीसारखीच, फेरी संपली की डेपोत परत. म्हणजे प्रत्येक टार संपला की टेप आपोआप सुरुवातीला गुंडाळायची आणि पुढचा टार आधीच्याच्या डोक्यावर बसायचा. हवी होती एनएसटी-झीरो, जी न गुंडाळता आहे तिथंच थांबते. आठ महिने लॉगमध्ये एकही एरर नाही, कारण लिहिणं खरंच व्यवस्थित होत होतं! एक दिवस होममधली फाइल मागितली, तर टेपवर डेटा सोडून काही नाही. साहेबांसमोर तोंड कसं दाखवलं ते माझं मला ठाऊक.

मिरज जंक्शन:
😄 हा दोष टेपचा नाही, तुमचा.

खणभागचा नेटवाला:
तेच म्हणतोय. क्लाउडवर ही चूक करायची सोयच नाही.

हळदवाला:
तिथं दुसऱ्या चुका असतात. इथं डिलीट केलं की तिथंही डिलीट, अशी सिंक लावून तिलाच बॅकअप म्हणणारे डझनभर दाखवतो.
हरिपूरची हळदीची पेवं आठवा. जमिनीखाली हळद वर्षानुवर्षं राहायची, पण पेव उघडलं की कुणी लगेच उडी मारत नसे. आधी कंदील सोडून बघायचे, आत हवा आहे का. विश्रामबागकर, तुम्ही कंदील शेवटचा कधी सोडला?

विश्रामबागकर:
खरं सांगू? २०१९ नंतर नाही.
आत्ता स्क्रिप्ट उघडली. एनएसटी आहे, देव पावला. पण ज्या ड्राइव्हवर लिहितो त्यावरच वाचून बघणार, त्याला काय अर्थ? मिरज जंक्शन, तुमच्याकडे एलटीओ-६ चा ड्राइव्ह चालू आहे का?

मिरज जंक्शन:
एलटीओ-७ चा आहे. ६ ची टेप आरामात वाचेल. रविवारी या. नवी नको, सगळ्यात जुनी आणा.

खणभागचा नेटवाला:
मीही येतो. वाचली तर चहा माझ्याकडून. नाही वाचली तर डॉक्टरांना फोन मी लावणार.