पहिला डीएसएलआर : बारवा, वीरगळ आणि शिलालेखांसाठी काय घ्यावे?

सेलूचे गुरुजी :

नमस्कार. मी परभणी जिल्ह्यातील एका जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहे. सुट्टीच्या दिवशी आसपासच्या गावांतील बारवा (पायऱ्यांच्या विहिरी), वीरगळ (वीरांच्या स्मृतिशिळा), सतीशिळा आणि शिलालेख पाहत फिरण्याचा नाद आहे, आणि आजवर त्यांची छायाचित्रे मोबाइलवरच काढत आलो. वालूरच्या बारवेत किंवा चारठाण्याच्या देवळांत गेल्यावर मात्र मोबाइलची मर्यादा उघडी पडते. वरचे ऊन पांढरेफटक येते आणि खालच्या पायऱ्या व देवकोष्ठे काळीठिक्कर पडतात. म्हणून आता डीएसएलआर, म्हणजे आत आरसा असलेला आणि लेन्स बदलता येणारा कॅमेरा, घेण्याचे ठरवले आहे.

सर्व मिळून ५०,००० रुपयांपर्यंत खर्च करता येईल. दुकानदाराने कॅनन १५००डी, सोबत १८-५५ आणि ५५-२५० मि.मी. अशा दोन लेन्स (आकडा जितका लहान तितके दृश्य रुंद), बॅग व कार्ड असा संच सुचवला आहे. काही मित्र म्हणतात की सर्वांत आधी ५० मि.मी. एफ/१.८ (एफचा आकडा लहान म्हणजे उजेड जास्त) लेन्स घ्या. काही म्हणतात, अंधार आहे तर फ्लॅश घ्या. यांपैकी माझ्या कामाचे काय आहे आणि नसले तरी चालेल असे काय आहे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

औसेकर :

गुरुजी, दुकानदाराने सांगितलेला संच वाईट नाही, पण तो घरगुती समारंभ आणि मुलांच्या स्नेहसंमेलनासाठी बेतलेला आहे. तुमचे विषय जवळचे, प्रचंड आणि ऊन-सावलीने दुभंगलेले असतात. म्हणून कॅमेरा कोणता, या प्रश्नाआधी लेन्स कोणती आणि ट्रायपॉड कोणता, हे ठरवावे असे माझे स्पष्ट मत आहे.

बारवेच्या काठावर उभे राहिल्यावर मागे सरकायला जागा नसते. मागे एक तर बाभळीचे कुंपण असते, नाही तर कुणाचा तरी गोठा. कॅननच्या या वर्गातील कॅमेऱ्यांचा सेन्सर (प्रकाश टिपणारा भाग) लहान असल्यामुळे लेन्सवरील आकड्याला १.६ ने गुणावे लागते, म्हणजे १८ मि.मी.चे टोक प्रत्यक्षात सुमारे २९ मि.मी. इतकाच आवाका देते. त्यात बारवेची एक बाजू नीट येते, चारही बाजू येत नाहीत. ईएफ-एस १०-१८ ही लेन्स मात्र सुमारे १६ मि.मी.चा आवाका देते आणि कॅननच्या रुंद लेन्समध्ये ती सर्वांत परवडणाऱ्यांपैकी आहे. ५० मि.मी.ची लेन्स तुमच्या कॅमेऱ्यावर ८० मि.मी.सारखी वागेल, माणसांच्या चेहऱ्यांसाठी ती सुरेख आहे आणि वीरगळाच्या एकेका पट्टीसाठीही उपयोगी पडेल, पण पहिली खरेदी म्हणून ती तुम्हाला बारवेत उपाशी ठेवील. ५५-२५० तर नाथसागरावर पक्षी टिपायला जाणाऱ्यांनी घ्यावी. तुमच्याकडे ती कपाटातच राहील.

पांढरेफटक आणि काळेठिक्कर यांवर दोन उपाय आहेत. पहिला म्हणजे नेहमीच्या जेपीईजीऐवजी रॉ, म्हणजे सेन्सरने टिपलेली कच्ची माहिती जपणाऱ्या स्वरूपात छायाचित्र घेणे. त्यात सावलीतला तपशील बराच शिल्लक असतो आणि संगणकावर वर आणता येतो. दुसरा म्हणजे ब्रॅकेटिंग, म्हणजे एकाच चौकटीची कमी, योग्य आणि जास्त प्रकाशाची तीन छायाचित्रे घेऊन नंतर ती एकत्र करणे. इथे एक खाचखळगा आहे, आणि तो दुकानात कुणी सांगत नाही. निकॉनच्या डी३५०० या लोकप्रिय कॅमेऱ्यात आपोआप ब्रॅकेटिंग करण्याची सोयच नाही. डी५६०० मध्ये आहे आणि कॅनन १५००डी मध्येही आहे. कॅनन ३०००डी स्वस्त दिसला तरी घेऊ नये, कारण त्याचा सेन्सर १८ मेगापिक्सेलचा असून लेन्स बसते ती कडीही प्लास्टिकची आहे.

आता ट्रायपॉड. सपाट जमिनीवर कोणताही ट्रायपॉड उभा राहतो, पण तुम्हाला तो पायऱ्यांवर उभा करायचा आहे. स्वस्त ट्रायपॉडच्या तिन्ही पायांना मध्यभागी एक आडवी जोडणी असते, त्यामुळे तिन्ही पाय एकाच कोनात उघडतात आणि पायरीवर तो निव्वळ निरुपयोगी ठरतो. ज्याचा प्रत्येक पाय वेगळ्या कोनात उघडून अडकवता येतो असाच घ्यावा. मग दोन पाय खालच्या पायरीवर आखूड-लांब करून आणि तिसरा जवळजवळ आडवा करून वरच्या पायरीवर टेकवता येतो. मधला दांडा वर काढू नये, कारण तो काढला की वाऱ्याने डोलतो. कॅमेरा स्थिर झाल्यावर लेन्सवरील आयएसचे (हाताचा कंप सावरणाऱ्या सोयीचे) बटण बंद करावे, लाइव्ह व्ह्यू (मागच्या पडद्यावर दृश्य दाखवण्याची सोय) चालू करावा म्हणजे आरसा आधीच वर उचललेला राहतो, आणि दोन सेकंदांचा टायमर लावून बोट दूर घ्यावे. आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) १००, एफ/८ आणि शटर लागेल तितका वेळ उघडे, एवढ्यावर बारवेच्या तळातील अंधारही स्वच्छ उतरतो.

फ्लॅशविषयी थोडक्यात सांगायचे तर घेऊ नका. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश बारवेच्या समोरच्या भिंतीपर्यंत पोहोचत नाही, आणि शिलालेखावर तो समोरून पडल्यामुळे अक्षरांतली सावलीच पुसून टाकतो. झिजलेली अक्षरे वाचायची असतील तर प्रकाश दगडाला घासून एका बाजूने यायला हवा. सकाळी लवकर किंवा सूर्य कलल्यावर तो फुकट मिळतो. देवळाच्या आत असाल तर सोबतच्या माणसाच्या हाती साधी एलईडी बॅटरी देऊन ती दगडाच्या अगदी कडेला, जवळजवळ पृष्ठभागाला समांतर धरायला सांगावी. मग तीच बॅटरी डावीकडून, उजवीकडून आणि वरून धरून वेगवेगळी छायाचित्रे घ्यावीत, कारण आडव्या रेघा ज्या प्रकाशात उठतात त्यात उभ्या रेघा अनेकदा दबून जातात. दगडावर खडू, पीठ किंवा तेल मात्र चुकूनही लावू नये. चौकटीच्या कडेला मोजपट्टी ठेवल्यास पुढे अभ्यासकांना त्या छायाचित्राचा खरा उपयोग होतो.

गोदाकाठ, पैठण :

औसेकरांचे बाकी सर्व पटले, पण मुळात डीएसएलआर का? कॅननने ८५०डी आणि निकॉनने डी७८० व डी६ हे कॅमेरे २०२० च्या सुरुवातीला आणले, त्यानंतर दोघांनीही नवा डीएसएलआर काढलेला नाही. सगळे लक्ष आता मिररलेसकडे, म्हणजे आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांकडे आहे. त्यांत छायाचित्र घेण्याआधीच पडद्यावर उजेड-अंधार जसा येणार तसा दिसतो, आणि गुरुजींच्या कामात हा फार मोठा लाभ आहे. संध्याकाळच्या उजेडात हलणारे पक्षी टिपताना मला तो पदोपदी जाणवतो.

औसेकर :

तुमचे म्हणणे रास्त आहे, आणि एक लाखाचे अंदाजपत्रक असते तर मीही तेच सांगितले असते. परंतु ५०,००० मध्ये नवीन मिररलेस घेतला की रुंद लेन्स आणि चांगला ट्रायपॉड या दोन्हींसाठी हात आखडता घ्यावा लागतो. शिवाय लाइव्ह व्ह्यू चालू केल्यावर डीएसएलआरच्या पडद्यावरही प्रकाशाचा बराच अंदाज येतो, आणि दगड काही उडून जाणार नाही. उद्या गुरुजींनी कॅननचा मिररलेस घेतलाच, तर डीएसएलआरच्या ईएफ आणि ईएफ-एस लेन्स त्यावर अडॅप्टरने ऑटोफोकससह चालतात, म्हणजे १०-१८ वर घातलेले पैसे बुडत नाहीत.

लोक मिररलेसकडे वळत असल्यामुळे वापरलेले उत्तम डीएसएलआर बाजारात आले आहेत, ही आपल्यासाठी पर्वणी आहे. माझा पहिला कौल वापरलेल्या कॅनन ८०डी ला राहील. निकॉन डी७२०० हाही तोडीचा आहे, पण निकॉनची स्वस्त रुंद लेन्स, एएफ-पी १०-२०, त्याच्याशी पूर्णपणे जुळत नाही. ट्रायपॉडवर तिचे व्हीआर (निकॉनचे आयएस) बंद करण्याची सोय त्या कॅमेऱ्यात मिळत नाही.

सेलूचे गुरुजी :

सर्वांचे मनःपूर्वक आभार. ५५-२५० आणि फ्लॅश यादीतून काढले. वापरलेला कॅमेरा घेण्याची थोडी धास्ती वाटते, कारण आमच्याकडे असे कॅमेरे बहुधा लग्नाचे छायाचित्रण करणाऱ्यांकडूनच मिळतात. तो घेताना नेमके काय तपासावे? तसेच दिवाळीच्या सुट्टीत अजिंठ्याला जाण्याचा विचार आहे. तिथे हे सर्व साहित्य चालेल का?

संभाजीनगरकर :

सर, अजिंठ्याचे आधी सांगतो. लेण्यांत फ्लॅशला मनाई आहे आणि पुरातत्त्व खात्याच्या परवानगीशिवाय ट्रायपॉड नेता येत नाही, त्यामुळे तिथे आयएसओ ३२०० पर्यंत वाढवून आणि आयएस चालू ठेवून हातानेच छायाचित्रे घ्यावी लागतील. अजिंठा सोमवारी आणि वेरूळ मंगळवारी बंद असते, हे लक्षात ठेवूनच बेत आखावा. आतला प्रकाश मंद आणि पिवळसर असल्यामुळे तिथे रॉ स्वरूप अपरिहार्य आहे. चित्रांचे खरे रंग नंतर संगणकावर जुळवता येतात. गर्दीत लेन्स बदलण्याच्या भानगडीत न पडता एकच लेन्स लावून आत शिरावे.

लग्नाच्या कॅमेऱ्याला घाबरण्याचे कारण नाही, पण तो डोळे उघडे ठेवून घ्यावा. ८०डी चे शटर १,००,००० वेळा चालेल अशा हिशेबाने बनवलेले आहे; त्यापुढेही ते चालते, परंतु भाव मात्र त्यानुसार उतरवून घ्यावा. निकॉनच्या छायाचित्राच्या फाइलमध्येच शटर किती वेळा चालले तो आकडा सापडतो. कॅननच्या फाइलमध्ये तो सहसा मिळत नाही, म्हणून कॅमेरा संगणकाला जोडून सॉफ्टवेअरने पाहावा लागतो आणि त्याला विक्रेत्याने नकार दिला तर व्यवहार सोडून द्यावा. त्यानंतर एफ/२२ वर ठेवून निरभ्र आकाशाचे एक छायाचित्र घ्यावे. सेन्सरवर धूळ असेल तर त्यात करडे ठिपके दिसतात. धूळ साफ होते, पण जागचा न हलणारा ओरखडा असेल तर कॅमेरा परत करावा. लेन्सच्या मागच्या बाजूने मोबाइलची बॅटरी मारून पुढून तिरके पाहावे. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी असते, आणि अशी लेन्स कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये. कार्डाचा खण, चार्जिंग आणि वरच्या फिरवायच्या दोन्ही चकत्या हे सर्व दुकानातच चालवून पाहावे. मूळ बिल आणि सीरियल क्रमांक जुळतात का, हेही पाहून घ्यावे.

बाकी साहित्यात ६४ जीबीची चांगल्या कंपनीची दोन कार्डे घ्यावीत. रॉ स्वरूपातही एका कार्डात दोन हजारांच्या आसपास छायाचित्रे मावतात. यूएचएस-२ या जास्त वेगाच्या कार्डाचा या कॅमेऱ्यांना काही उपयोग नाही, तेवढे पैसे वाचवावेत. एलपी-ई६ जातीची एक जास्तीची मूळ बॅटरी आणि धूळ फुंकण्याचा रबरी ब्लोअर हवाच. आपल्याकडे उन्हाळ्यात वावटळीची धूळ असते, म्हणून लेन्स बदलताना कॅमेऱ्याचे तोंड खाली ठेवावे आणि शक्यतो गाडीच्या आत बदलावी. पावसाळ्यात हवाबंद डब्यात सिलिका जेल टाकून कॅमेरा त्यात ठेवावा. कातडी बॅगेत महिनोन्‌महिने ठेवला की बुरशीला आमंत्रण मिळते.

सेलूचे गुरुजी :

ठरले. ८०डी वापरलेला, १०-१८ आणि १८-५५ या दोन लेन्स, आणि पाय स्वतंत्र उघडणारा ट्रायपॉड. एकच शंका उरली. बारवेच्या पाण्यावर आकाशाचे प्रतिबिंब चमकते आणि पाण्याखालच्या पायऱ्या दिसत नाहीत. त्यासाठी पोलरायझर (चमक कमी करणारा) फिल्टर दोन्ही लेन्सना वेगवेगळा घ्यावा लागेल का?

औसेकर :

एकच पुरे. १०-१८ च्या तोंडाचा व्यास ६७ मि.मी. आहे आणि १८-५५ चा ५८ मि.मी.; म्हणून ६७ चा एक चांगला सर्क्युलर पोलरायझर आणि ५८ ला ६७ जोडणारी स्टेप-अप रिंग घ्यावी. १८-५५ शक्यतो एसटीएम जातीची पाहावी, कारण तिच्या जुन्या आयएस-२ प्रकारात फोकस करताना पुढचे तोंड फिरते आणि त्याबरोबर पोलरायझरही फिरून जातो. पाण्याकडे खाली पाहताना हा फिल्टर हळूहळू फिरवावा, एका ठिकाणी चमक विरते आणि खालची पायरी दिसू लागते. मात्र १० मि.मी.वर आकाश चौकटीत असेल तर फिल्टर काढून ठेवावा, नाही तर आकाशाचा एक कोपरा गडद आणि दुसरा फिका येतो.