फोन ऐका, पण परवानगी सरकारनेच सरकारला द्यायची?

नीरक्षीर
काल ‘जयहिंद_नाशिक’ यांनी लिहिलं: ‘ज्याचं मन साफ आहे त्याचा फोन सरकारने ऐकला तर काय बिघडतं? २६/११ विसरलेल्यांनाच खासगीपणाचे उमाळे येतात.’ गप्प बसायचा प्रयत्न केला, जमलं नाही.

२६/११ चं नाव घेता तर पूर्ण घ्या. त्या रात्री ताज आणि नरिमन हाउसमधून पाकिस्तानातल्या सूत्रधारांशी चाललेलं बोलणं आपल्या यंत्रणांनी ऐकलं, रेकॉर्ड केलं आणि तेच कसाबच्या खटल्यात पुरावा म्हणून उभं राहिलं. त्याला माझी काडीची हरकत नाही. पण हल्ला झाला तो माहितीच नव्हती म्हणून नाही. समुद्रातून येतील, ताजवर येतील अशा सूचना आधीच येऊन पडल्या होत्या. हल्ल्याची चौकशी करणाऱ्या प्रधान समितीने त्यावर बोट ठेवलंय. आलेल्या कागदाचं काय करायचं हेच ज्यांना ठरवता आलं नाही, त्यांना आणखी कोट्यवधी लोकांचे कागद देऊन काय होणार?

आणि मन साफ असण्याचा इथे संबंध काय? परवानगी देतो गृहसचिव, ऐकते सरकारी यंत्रणा, तपासते सचिवांची समिती. एकटं केंद्र सरकार महिन्याला साडेसात ते नऊ हजार आदेश काढत होतं, असं माहिती अधिकारात उघड झालं होतं. समिती बसते दोन महिन्यांतून एकदा. खासगी माहितीच्या संरक्षणासाठी नेमलेल्या न्या. श्रीकृष्ण समितीने २०१८ च्या अहवालात लिहिलंय, एका बैठकीपुढे पंधरा ते अठरा हजार आदेश. कोण वाचत असेल? मला फक्त न्यायाधीशाची सही हवी आहे.

जयहिंद_नाशिक
न्यायाधीशाची सही! आमच्या शेताच्या बांधाचा दावा आजोबांनी लावला, वडील तारखा करता करता गेले, आता मी जातोय. आणि तुम्ही अतिरेक्याचा फोन ऐकायला कोर्टाची पायरी चढायला सांगताय? तोवर स्फोट होऊन पंचनामाही झालेला असेल. २६/११ च्या हल्ल्यासाठी टेहळणी करणारा हेडली मुंबईत येऊन आरामात चित्रीकरण करून गेला, आपल्याला पत्ता नाही. २००९ मध्ये शिकागोत धरला तो अमेरिकेने. त्यांची यंत्रणा दांडगी म्हणून.

नीरक्षीर
त्याच अमेरिकेत अशा परवानग्यांसाठी १९७८ पासून वेगळं न्यायालय आहे. ब्रिटनमध्ये २०१६ च्या कायद्याने मंत्र्याच्या सहीनंतर न्यायिक आयुक्ताचीही मान्यता लागते. तातडीचं म्हणाल तर आपल्याच नियमांत सोय आहे: आधी ऐका, सात कामकाजी दिवसांत मंजुरी घ्या. ती मंजुरी सचिवाऐवजी न्यायाधीशाने दिली तर एक मिनिटही वाया जात नाही.
तुमच्या बांधाचं वाईट वाटतं, पण तो मुद्दा इथला नाही.

लाइनमन_सातारा
एक्स्चेंजात उभी नोकरी झाली, म्हणून सांगतो. १९९६ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला, त्याआधी नियम असे नव्हतेच, १८८५ च्या कायद्यावर सगळा गाडा. नंबरांची यादी यायची, आम्ही जोडून द्यायचो. एकदा यादीत एका पुढाऱ्याच्या व्याह्याचा नंबर. पोरीला सासरी नांदवत नव्हते, त्यावरून दोन्ही घरांत वाद होता, हे गावाला माहीत. आमच्या साहेबांनी लेखी आदेश मागितला. दुसऱ्या दिवशी यादीतून तेवढा नंबर गळाला. कागद मागणारा माणूस मध्ये असला की असा फरक पडतो.

तिसरा_मजला
दिल्लीचं नंतर बघू, आधी आमच्या सोसायटीत या. कॅमेऱ्यांचं चित्रण सेक्रेटरींच्या मोबाइलवर दिसतं. ऑफिसचे सहकारी कामासाठी आले, रात्री अकराला गेले. सकाळी लिफ्टमध्ये मला प्रश्न: ‘काल पाहुणे उशिरापर्यंत होते वाटतं?’ मी एकटी राहते. दोन पोरं घेऊन राहणाऱ्या शेजाऱ्यांना असं कुणी विचारत नाही. तक्रार केली तर म्हणे सुरक्षेसाठी आहे. कुणाच्या?

पार्किंग_पीडित
ताई, त्याच कॅमेऱ्यामुळे आमच्याकडे बाइक चोरणारा सापडला. कॅमेरे काढा म्हणणाऱ्यांची गाडी एकदा जाऊ दे.

तिसरा_मजला
कॅमेरे काढा असं मी कुठे लिहिलंय? चित्रण कोण बघतो, कशासाठी बघतो आणि किती दिवस ठेवतो, हे विचारतेय. बाइक चोराला पकडायला माझे पाहुणे मोजावे लागतात का?

कोथरूडची_काकू
गेटवरच्या अ‍ॅपचंही बोला ना! आमच्याकडे कामवाल्या बायकांची आत-बाहेरची वेळ त्यात पडते आणि महिनाअखेरीला काही बिऱ्हाडं ती दाखवून पगार कापतात. त्या मावशींना कुणी विचारलं होतं का? त्यांचा फोटो, नंबर, वेळ सगळं दोनशे घरांना दिसतं. साहेबांची वेळ मात्र कुणालाच दिसत नाही.

पार्किंग_पीडित
उशिरा आल्या तर पगार कापणार नाही तर काय? आमचा ऑफिसात कापत नाहीत का?

कोथरूडची_काकू
तुमच्या ऑफिसात तुम्हाला रजा आहेत, त्यांना नाहीत. आणि अ‍ॅप चोरांसाठी आणलं होतं ना? मग पगारापर्यंत पोचलं कसं, तेवढं सांगा. पन्नाशी उलटलेली बाई पाऊस डोक्यावर घेत चालत येते आणि तुम्ही मिनिटं मोजता. लाज वाटायला हवी.

पार्किंग_पीडित
लाज काढायचं काम नाही. मी माझं मत लिहिलं. पगार कापण्यासाठी ते आणलं नव्हतं, एवढं कबूल. बस.

नीरक्षीर
काकूंनी विचारलं तेच मी सरकारला विचारतोय. दहशतवादासाठी म्हणून घेतलेला अधिकार दुसरीकडे वळतोच. सोसायटीविरुद्ध निदान उद्या दाद मागता येईल, २०२३ चा विदा (डेटा) संरक्षण कायदा हळूहळू लागू होतोय. पण त्याच कायद्याच्या १७ व्या कलमाने सरकारला आपल्या यंत्रणांना सूट देता येते.

भोर_ते_बोस्टन
पेगॅससचं, म्हणजे फोनमध्ये शिरून हेरगिरी करणाऱ्या इस्रायली सॉफ्टवेअरचं, विसरू नका. सर्वोच्च न्यायालयाच्या समितीने २९ फोन तपासले, पाचांत घातक सॉफ्टवेअर सापडलं, ते पेगॅससच होतं असं ठामपणे म्हणता आलं नाही. पण केंद्राने सहकार्य केलं नाही, हे सरन्यायाधीशांनी भर कोर्टात सांगितलं. साफ मनाची अपेक्षा फक्त आमच्याकडूनच का?

जयहिंद_नाशिक
माझा पुतण्या काश्मीरमध्ये तैनात आहे. तुम्ही कलमं मोजता तेव्हा त्याची आई फोनची वाट बघत असते. हे एकदा मनात आणा.
बरं, कोर्ट तर कोर्ट. चोवीस तास बसणारा, फक्त याच कामाचा न्यायाधीश असेल तर मी आडवा येणार नाही. मात्र ज्याचा फोन ऐकला त्याला नंतर कळवायचं, हे जे काहीजण मागतात, ते मरेपर्यंत मान्य नाही. आपणच शत्रूला सावध करायचं?

नीरक्षीर
तुमच्या पुतण्याला नमस्कार, मनापासून. न्यायाधीशाचं मान्य केलंत, तेही मला पुरेसं आहे. पण कळवण्यावरून मी हटणार नाही. २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका उद्योजकाच्या फोनचे तीन आदेश रद्द केले, रेकॉर्डिंग नष्ट करायला सांगितलं. प्रकरण लाचेचं होतं, देशाच्या सुरक्षेचं नव्हतं. त्याच्यावर खटला झाला म्हणून त्याला कळलं आणि तो दाद मागू शकला. ज्यांचा फोन ऐकला, काहीच सापडलं नाही आणि खटलाही भरला नाही, त्यांनी कुठे जायचं? तपास संपल्यावर, धोका नाही असं न्यायाधीशाने ठरवल्यावर कळवा म्हणतोय मी. यात शत्रू कुठून सावध होतो, ते लिहा.