मुरुमांच्या खड्ड्यांसाठी मायक्रोनीडलिंग करावं का? सल्ला हवा

रानजाई
नमस्कार मंडळी. वय २७, रंग सावळा. कॉलेजात असताना खूप मुरुमं यायची. आता येत नाहीत, पण दोन्ही गालांवर खड्डे राहिलेत आणि बाजूने उजेड पडला की ठळक दिसतात. लग्न डिसेंबरात आहे, म्हणजे हातात सहा महिने. नाशिकमध्ये घराजवळच्या पार्लरमध्ये मायक्रोनीडलिंगचं (बारीक सुयांनी त्वचा टोचण्याचं) पॅकेज आहे, पीआरपीसकट (आपल्याच रक्तातला भाग चेहऱ्यात घालतात ते). मावसबहीण म्हणते, सुयांचा रोलर ऑनलाइन मागव आणि घरीच फिरव. सावळ्या त्वचेला हे चालतं का? खूप दुखतं का? आणि हळदीच्या किती आधी थांबवायचं? ज्यांनी करून घेतलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

ओवी७
मी पुण्यात त्वचारोगतज्ज्ञांकडे करून घेतलं. आधी बधिर करणारं क्रीम लावून पाऊण-एक तास बसवतात. गालांवर फारसं जाणवलं नाही, कपाळावर आणि वरच्या ओठाजवळ मात्र चांगलंच टोचलं. रक्ताचे बारीक ठिपके येतात, ते अपेक्षितच असतं. चेहरा दोन-तीन दिवस उन्हाने भाजल्यासारखा लाल होता, मग कोरडा पडून थोडी सालं निघाली. एक नक्की सांगते, पहिल्या सिटिंगनंतर आरशात फरक शोधू नकोस. मला तो बऱ्याच उशिरा दिसला. खड्डे उथळ झालेत, पूर्ण गेलेले नाहीत, तरी मी समाधानी आहे.

गुलबकावली
रानजाई, मी त्वचारोगतज्ज्ञ आहे, म्हणून जरा लांबण लावते.

आधी खड्डे कुठल्या प्रकारचे आहेत ते बघून घ्या, बाकी सगळं त्यावर ठरतं. रुंद, उथळ खड्ड्यांना मायक्रोनीडलिंगचा चांगला उपयोग होतो. सुईच्या टोकासारख्या अरुंद आणि खोल खड्ड्यांना आइस-पिक म्हणतात, त्यांना याने फारसा फरक पडत नाही. तिथे टीसीए नावाचं आम्ल फक्त त्या खड्ड्यात टेकवतात. काही खड्डे आतून तंतूंनी खाली ओढलेले असतात. ते तंतू आधी सुईने सोडवावे लागतात, त्याला सबसिजन म्हणतात. बहुतेकांच्या गालांवर तिन्ही प्रकार मिसळलेले असतात. म्हणून चेहरा न तपासता विकलेलं पॅकेज घेऊ नका.

सावळ्या त्वचेला चालतं, आणि हाच याचा मोठा फायदा. यात उष्णता नसते, वरचा थर जवळपास शाबूत राहतो, त्यामुळे त्वचा सोलणाऱ्या लेझरपेक्षा नंतर काळे डाग पडण्याची शक्यता कमी. कमी म्हणजे शून्य नव्हे. एसपीएफ ३० किंवा जास्तीचं सनस्क्रीन रोज लावायचंच, पावसाळी ढग असले तरी.

सुयांनी केलेल्या बारीक जखमा भरताना त्वचा नवं कोलॅजन (तिला भरीव ठेवणारं प्रथिन) तयार करते, आणि ते काम कित्येक महिने चालतं. म्हणून दोन सिटिंगमध्ये चार ते सहा आठवडे सोडतात, आणि साधारण तीन ते सहा सिटिंग लागतात. तुम्ही या महिन्यात सुरुवात केलीत तर ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत तीन-चार होतील. तिथे थांबा. ताज्या टोचलेल्या चेहऱ्यावर हळद नको. शेवटची सिटिंग आणि हळद यांत सहा ते आठ आठवडे राहू द्या.

नवे मुरुम असतील, ओठांवर वारंवार जर (पाणी भरलेले बारीक फोड) उठत असेल, जखमेचा व्रण फुगून वाढायची सवय असेल (केलॉइड), रक्त पातळ करणाऱ्या किंवा मुरुमांसाठीच्या आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील, तर डॉक्टरांना आधीच सांगा. गरोदरपणात हे पुढे ढकलतात.

आणि नुसतं मायक्रोनीडलिंग आणि आरएफ मायक्रोनीडलिंग यांची गल्लत करू नका. आरएफमध्ये सुयांमधून उष्णता सोडतात. भाजणं, व्रण, चरबी कमी होणं, नसांना इजा अशा तक्रारींमुळे अमेरिकेच्या एफडीएने (तिथली औषध नियामक संस्था) २०२५ मध्ये त्याबद्दल इशारा दिला आहे. मशीनचं नाव विचारायला संकोच नको.

कऱ्हाकाठ
घरच्या रोलरबद्दल लिहितो. ०.२-०.३ मिमीच्या सुया खड्ड्याच्या तळापर्यंत पोचतच नाहीत. गालांवरच्या खड्ड्यांसाठी दवाखान्यात साधारण १.५ मिमी वापरतात. तेवढा लांब रोलर घरी फिरवायचा म्हणजे जंतुसंसर्गाला आमंत्रण. त्यावर व्हिटॅमिन सी सीरम चोळायचा सल्लाही सर्रास दिला जातो. सीरम त्वचेवर लावायला असतं, आत शिरवायला नाही. असं केल्यावर चेहऱ्यावर गाठी आल्याची उदाहरणं वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेली आहेत.

पार्लरमधली पीआरपी तर नकोच, ताई. त्यात आपलंच रक्त काढून, यंत्रात फिरवून, त्यातला भाग पुन्हा चेहऱ्यात घालतात. अमेरिकेत न्यू मेक्सिकोतल्या एका विनापरवाना स्पामध्ये अशा फेशियलमधून गिऱ्हाइकांना एचआयव्हीची लागण झाली. २०१८ मध्ये तो बंद केला. दवाखान्यातही सुयांचं सीलबंद पाकीट तुमच्यासमोर फोडायला सांगा, आणि रक्ताच्या नळीवर तुमचं नाव लिहिलेलं बघा.

रानजाई
खूप आभार सगळ्यांचे. पार्लर रद्द. योग्य डॉक्टर ओळखायचा कसा? नावापुढे कॉस्मेटॉलॉजिस्ट असं सगळीकडे दिसतं.

गुलबकावली
पदवी बघा: एमडी किंवा डीएनबी त्वचारोग, किंवा डीडीव्हीएल. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक विचारा. थोडक्या दिवसांच्या कॉस्मेटॉलॉजी कोर्सचं प्रमाणपत्र त्याऐवजी चालत नाही. खर्चाची अडचण असेल तर सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या त्वचारोग विभागात चौकशी करा, तिथेही खड्ड्यांवर उपचार होतात.

सोनचाफा
मध्येच विचारते. मला खड्डे नाहीत, वांग आहे. मेडिकलवाल्याने दिलेली ट्यूब लावली की उजळतं, बंद केली की चेहरा लाल होऊन जळजळतो. मायक्रोनीडलिंगने जाईल का?

गुलबकावली
सोनचाफा, आत्ता सुया अजिबात नकोत. ट्यूबवर मोमेटासोन, बीटामेथासोन, क्लोबेटासोल यांतलं काही लिहिलंय का बघा. ते स्टेरॉइड आहे. त्याने त्वचा पातळ होते, आणि बंद केल्यावर होणारी जळजळ हे त्याचंच लक्षण. ट्यूब घेऊन या आठवड्यातच त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. ती कशी सोडवायची ते डॉक्टर ठरवतील, वांगाचा उपचार त्यानंतर.