छापील गेम-मार्गदर्शिका आता विकत घ्याव्यात का?

प्रश्न : मोठा रोल-प्लेइंग गेम सुरू करतो आहे. नकाशे, दडवलेल्या वस्तू आणि शत्रूंच्या कमकुवत बाजू यांची माहिती इंटरनेटवर फुकट मिळत असताना छापील मार्गदर्शिकेवर खर्च करणे योग्य ठरेल का?

उत्तर १ : केवळ माहितीसाठी घेऊ नये. अशी पुस्तके काढणाऱ्या संस्थांनाही ती परवडेनाशी झाली असावीत : ब्रॅडीगेम्स ही प्रकाशन संस्था २०१५ मध्ये तिच्या प्रतिस्पर्धी प्रायमा गेम्समध्ये विलीन झाली आणि पुढे २०१८ मध्ये प्रायमानेही छापील मार्गदर्शिका थांबवण्याचे जाहीर केले. शिवाय आजचे गेम अपडेटमधून बदलत राहतात; शस्त्राची ताकद कमी-जास्त झाली की पुस्तकातले तक्ते जुने होतात, आणि पुस्तकाला पॅच लावता येत नाही.

उत्तर २ : ऑनलाइन स्पर्धात्मक गेमबाबत हे पूर्णपणे मान्य आहे, परंतु एकट्याने खेळायच्या गेममध्ये भूप्रदेश आणि कथानक फारसे बदलत नसल्यामुळे नीट संपादित केलेले पुस्तक बराच काळ उपयोगी राहते. फ्यूचर प्रेस आणि पिगीबॅक या प्रकाशन संस्थांनी प्रायमानंतरही अशी पुस्तके काढली आहेत. खेळ न थांबवता शेजारी उघडा ठेवलेला मोठा नकाशा मला तरी व्हिडिओ मागे-पुढे करण्यापेक्षा सोयीचा वाटतो. (कथानकाची पाने मात्र आधी चाळू नयेत.)

उत्तर ३ : ‘अधिकृत’ या शिक्क्यावर विसंबू नका. ‘फायनल फँटसी ९’ या रोल-प्लेइंग गेमच्या अधिकृत मार्गदर्शिकेत बराच तपशील न छापता वाचकाला प्लेऑनलाइन या संकेतस्थळाकडे पाठवले होते. जुनी प्रत घेणार असाल, तर आतली काही पाने पाहून आणि सुटा नकाशा सोबत आहे का, हे विचारूनच घ्यावी.